सकाळचं कोमट मध-पाणी: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी, कोल्हापुरातून

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जायला लागलं की चार दिवसांत कुणीतरी मध-पाण्याचा सल्ला देतंच. झपाझप चालणाऱ्या काकू वळून सांगतात, "वैनी, उठल्या उठल्या दोन चमचे मध, एक लिंबू, कढत पाण्यात. महिन्यात पोट सपाट." तालमीतले वस्ताद सांगतात, गरम पाण्यात मध घातला की विष होतं, गारच प्या. तिसरं कुणी त्यात दालचिनी घालायला लावतं. आणि घरी सासूबाईंचं वेगळंच, की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं आणि कामाला लागायचं. सगळे आपल्या भल्याचंच सांगतात, पण एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही.

मी हे पाणी बरीच वर्षं पिते. शेजारपाजारच्या बायका, फिरायला येणाऱ्या मुली विचारत राहतात, म्हणून एकदा क्रमाने लिहून काढते. आधीच सांगते, हे औषध नाही. मधाने चरबी वितळत नाही, रक्त 'शुद्ध' होत नाही, शरीरातली 'विषं' बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात. या पेल्याचे खरे फायदे तीन-चारच आहेत. सकाळी पोटात पाणी जातं, घशाला बरं वाटतं, पोट साफ व्हायला थोडी मदत होते, आणि त्याच्या नादाने साखरेचा पहिला चहा सुटला तर तिथं खरी कमाई आहे. एवढं पटत असेल तर पुढं वाचा.

काय काय लागेल

- लेबल असलेली मधाची छोटी बाटली. पहिल्यांदा पाव किलोच्या वर घेऊ नका.
- चहाचा चमचा, कोरडा. पोह्याचा चमचा नको, का ते पुढं येईल.
- काचेचा किंवा स्टीलचा पेला. तांब्या-पितळेचा नको.
- उकळतं पाणी आणि उकळून गार केलेलं पाणी.
- लिंबू, हवं असेल तर.
- घरातल्या सगळ्यांच्या चालू गोळ्यांची यादी आणि रक्ताचा शेवटचा रिपोर्ट. हसू नका, पहिली पायरी याच कागदांची आहे.

१. कुणाला द्यायचं नाही, ते आधी ठरवा

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. थेंबभरसुद्धा नाही, बोटावरून चाटवायचासुद्धा नाही. आपल्याकडं बाळ जन्मलं की सोन्याच्या वळ्याने मध चाटवायची पद्धत आहे, आणि बाळगुटी मधात उगाळून देणारी घरं आजही गल्लोगल्ली आहेत. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढायची ताकद राहत नाही, अंग लुळं पडतं. मध शुद्ध आहे, घरच्या पेटीतला आहे, उकळून घेतलाय, यातल्या कशानेही हा धोका जात नाही, कारण हे बीजाणू घरच्या उकळीला दाद देत नाहीत. आजी नाराज झाल्या तर होऊ देत. पहिले सहा महिने आईचं दूध सोडून बाळाला तसंही काही द्यायचं नसतं.

आता मोठी माणसं.

मधुमेह असेल तर मध साखरेतच मोजायचा. 'नैसर्गिक आहे, चालतंय' हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता समोरच्याच्या हातातला पेला काढून घ्यावासा वाटतो. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि ती रक्तातली साखर वाढवते. तुमच्या डॉक्टरांनी 'एवढा चालेल' असं सांगितलं असेल तेवढाच घ्या. नाहीतर नुसतं कोमट पाणी प्या. पोट साफ व्हायला तेही पुरतं.

थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती साध्या पाण्याबरोबर रिकाम्या पोटी घ्यायची आणि नंतर अर्धा-पाऊण तास, जमल्यास तासभर, काही पोटात जाऊ द्यायचं नाही. मध-पाणी त्या 'काही'मध्ये धरायचं. हाडांसाठी आठवड्यातून एकदाची गोळी असते, तिचंही तेच, फक्त साधं पाणी. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर हा पेलाही त्या मापातलाच.

ॲसिडिटीवाल्यांनी लिंबू वगळावं. मध खाल्ल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं अशी तक्रार असेल तर ते फ्रुक्टोज न पचल्याचं लक्षण असू शकतं, मग हा नाद सोडलेला बरा. आणि मध खाऊन ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं असं कधी झालं असेल तर पुन्हा प्रयोग करायचा नाही.

एक गोष्ट आपल्या भागातली म्हणून सांगते. कोल्हापूर-सांगलीकडं जैन घरं पुष्कळ आहेत आणि तिथं मध वर्ज्य असतो. पाहुण्यांच्या हातात पेला देण्याआधी विचारा.

२. मध कुठून घ्यायचा

सगळी मेहनत या पायरीवर घ्या. बाकीचं सोपं आहे.

गगनबावड्याकडं किंवा राधानगरीकडं जाताना रस्त्याकडेला झाडाखाली बादल्या मांडून बसलेले विक्रेते दिसतात. बादलीवर पोळ्याचा मोठा तुकडा, त्याला चिकटलेल्या दोन-चार मेलेल्या माश्या, धुराचा वास. तुम्ही थांबलात की तो पोळं हातात घेऊन तुमच्यासमोर पिळतो, मध बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतो. "मावशी, आत्ताच काढलाय, जंगलातला हाय, चाखून तर बघा." पोळं खरंच असतं, वरचा मधही खरा असू शकतो. पण तुमच्या बाटलीत जातं ते बादलीच्या तळातलं. तिथं साखरेचा पाक आहे की गुळाचा, हे उन्हात उभं राहून कुणालाच कळत नाही, आणि गुळाच्या मुलखात पाकाला काय तोटा! सगळेच फसवतात असं म्हणत नाही. पण खरा असला तरी पिळून काढलेल्या मधात अळ्या, मेण आणि पोळ्यातला कचरा उतरतो, पाण्याचा अंश जास्त असतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बाटलीचं झाकण फसफसायला लागतं. रोज रिकाम्या पोटी घ्यायच्या गोष्टीसाठी हा मध नको.

मग कुठून? आपल्या जिल्ह्यातच चांगली सोय आहे. भुदरगड तालुक्यातलं पाटगाव, वेदगंगेवरच्या धरणाचं आणि मौनी महाराजांच्या मठाचं गाव, हे राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' योजनेतलं गाव आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, त्याच्या पाठोपाठ पाटगावचं काम उभं राहिलं. तिथं मधपेट्या ठेवून सातेरी या देशी जातीच्या माश्या पाळल्या जातात. भरलेल्या चौकटी मधयंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं तसंच परत पेटीत ठेवतात, म्हणजे अळ्या चिरडल्या जात नाहीत आणि मध स्वच्छ निघतो. याच मंडळाचा मध 'मधुबन' नावाने विकला जातो. पाटगावाकडं सहल काढणार असाल तर थेट मधपाळाकडून घ्या, आणि घेताना हे प्रश्न विचारा:

- कुठल्या माशीचा? सातेरी, मेलिफेरा (पेटीत पाळली जाणारी परदेशी जात) की आग्या? आग्या माशी पेटीत पाळता येत नाही, तिचा मध जंगलातल्या पोळ्यांचाच असतो.
- कधी काढला? सह्याद्रीत मधाचा मुख्य हंगाम साधारण फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत. ऐन जुलैच्या पावसात माश्यांनाच खायला नसतं, मधपाळ त्यांना साखरेचा पाक देऊन जगवतात. त्या दिवसांत 'आत्ताच काढलेला' मध कुणी देत असेल तर एक भुवई वर जाऊ द्या.
- कुठल्या फुलांचा? जांभूळ, हिरडा, गेळा अशी नावं सहज यायला हवीत.
- यंत्राने काढलाय की पिळून?
- पाण्याचा अंश किती? अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे तो २० टक्क्यांपेक्षा जास्त नको. चांगल्या मधपाळाकडं ते मोजायचं छोटं उपकरण असतं आणि ते दाखवायला त्याला आवडतं.

दुकानातून घेत असाल तर लेबल उजेडात धरून वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख बघा. ॲगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का, असेल तर उत्तम. घटकांच्या ओळीत 'मध' एवढंच हवं. 'हनी सिरप', 'इन्व्हर्ट सिरप', 'हनी फ्लेवर' असं काही दिसलं की बाटली परत फळीवर. तुळस-मध, आलं-मध अशा बाटल्यांत मध किती टक्के आहे तेही पाठीमागच्या बारीक अक्षरात सापडतं.

नामांकित बाटली घेतली म्हणजे काळजी मिटली असंही नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे नमुने तपासून घेतले, तेव्हा सगळ्या कसोट्यांना फक्त ३ उतरले. नेहमीच्या चाचण्यांना चकवतील असे साखरेचे पाक मुद्दाम बनवले जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपन्यांनी ते नाकारलं. आपण ग्राहकांनी यातून एवढंच घ्यायचं की मध जितका ओळखीच्या हातातून येईल तितका बरा.

३. घरगुती कसोट्यांच्या नादाला लागू नका

पाण्यात थेंब टाका, खाली बसला तर अस्सल. काडी बुडवून पेटवा, पेटली तर अस्सल. टीपकागदावर पसरला नाही तर अस्सल. कुत्र्यासमोर ठेवा, त्याने तोंड लावलं नाही तर अस्सल! शेवटच्या कसोटीत नापास कोण होतंय, मध की कुत्रं, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या तीन कसोट्यांमध्ये फार तर दाटपणा आणि पाण्याचा अंश कळतो. साखरेचा घट्ट पाकही पाण्यात मुकाट तळाला जातो. उलट घाटमाथ्यावरच्या दमट हवेतला सातेरीचा अस्सल मध पातळ असतो आणि या परीक्षांत बिचारा नापास होतो. रंगावरही जाऊ नका. जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडवट लागतो, दुसऱ्या फुलांचा सोनेरी असतो. प्रत्येक हंगामात चव आणि रंग थोडा बदलतोच. बारा महिने हुबेहूब एकाच रंगाची बाटली मिळत असेल तर ती अनेक ठिकाणचा मध एकत्र करून, गाळून, तापवून भरलेली असते. यात बेकायदा काही नाही, माहीत असावं एवढंच.

थंडीत मध तळाशी साखरेसारखा गोठला तर घाबरून फेकू नका. मधातलं ग्लुकोज गार हवेत कणीदार होतं, शुद्ध मधही गोठतो. खरी खात्री हवीच असेल तर अन्न तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पैसे भरून नमुना द्यावा लागतो. पाव किलोसाठी ते परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून एका मधपाळाकडून डबा उचलणार असाल तर मात्र विचार करा.

४. पाणी किती गरम

वस्ताद म्हणतात ते अगदीच हवेतलं नाही. चरकसंहितेत मध उष्णाबरोबर घेऊ नये असं सांगितलंय. माश्या विषारी फुलांवरूनही रस आणतात, म्हणून मध आणि उष्णता यांचं जमत नाही, असं त्यामागचं म्हणणं. आजच्या रसायनशास्त्राकडून बघितलं तर मध बराच वेळ तापवला की त्यात एचएमएफ नावाचं संयुग वाढतं, आणि आपल्या अन्न नियमांत त्याला किलोमागे ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. मध कढईत परतणं, गॅसवर उकळणं यासाठी ही भीती रास्त आहे. पेलाभर कोमट पाण्यात मध मिसळून दोन मिनिटांत पिऊन टाकला तर एचएमएफमध्ये मोजण्यासारखी भर पडत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंचं ऐकलं तरी उत्तर एकच निघतं, कोमट.

कोमट म्हणजे किती, याचं थर्मामीटर न लागणारं माप असं. एक वाटी उकळतं पाणी आणि तशाच तीन वाट्या साधं, उकळून गार केलेलं पाणी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं पाणी ९८ अंशांजवळ उकळतं. साधं पाणी २५ अंशांचं धरलं तर मिश्रण ४३ अंशांवर येतं. बोट घातलं तर ऊब लागते, चटका बसत नाही. डिसेंबर-जानेवारीत साधं पाणी गार असतं, तेव्हा उकळतं पाणी थोडं जास्त घ्या. वाटी लहान घ्या, चार वाट्या मिळून एक पेला व्हायला हवा.

क्रम असा: आधी दोन्ही पाणी पेल्यात मिसळायचं, बोटाने ऊब बघायची, मग मध घालायचा. उकळत्या पाण्यात मध घालून वरून गार पाणी ओतायचं नाही.

दोन खोड्या हमखास होतात. एक म्हणजे सोलरच्या किंवा गिझरच्या नळाचं गरम पाणी सरळ पेल्यात घेणं. ते आंघोळीचं पाणी आहे. टाकीत साचलेलं, क्षार आणि गंज उतरलेलं. स्वयंपाकघरात पाणी वेगळं तापवा. पावसाळ्यात तर पिण्याचं सगळंच पाणी उकळून घ्यावं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांनी ही सवय लावून घेतली त्यांनी ती मोडू नये.

दुसरी खोडी तांब्याच्या भांड्याची. रात्रभर तांब्याच्या तांब्यात पाणी ठेवायचं आणि सकाळी त्यातच मध-लिंबू घालायचं. मध आंबट गुणाचा असतो, लिंबू तर आहेच. आंबटाने तांबं सुटून पाण्यात उतरतं, मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. आजीच्या घरी ताक-कढी कल्हई नसलेल्या भांड्यात करत नसत, त्याचं कारण हेच.

५. मध किती

चहाचा एक चमचा. सुरुवातीलाही एक आणि वर्षभराने मुरलेल्या माणसालाही एकच.

चहाच्या चमच्यात साधारण ७ ग्रॅम मध मावतो. त्यातून २१ कॅलरी आणि ६ ग्रॅमच्या आसपास साखर मिळते. 'दोन चमचे' म्हणून सांगणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा पोह्याचा मोठा चमचा असतो. तो काठोकाठ भरला की २० ग्रॅमपर्यंत मध येतो, दोन भरले की सव्वाशेच्या आसपास कॅलरी आणि तीस ग्रॅमच्या वर साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत मधातली साखरही वरून घातलेल्या साखरेतच मोजली आहे. दिवसाच्या एकूण कॅलरीत ती १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. पोह्याचे दोन चमचे मध घेतला तर दिवस उजाडायच्या आत हे माप ओलांडलेलं असतं, आणि चहा, शिरा, जेवणानंतरचा गुळाचा खडा अजून बाकीच!

चमचा-चमचा लावून पाहिलं तर मधात साखरेपेक्षा कॅलरी थोड्या जास्तच भरतात, कारण मध जड असतो. तो गोडही जास्त लागतो, म्हणून कमी घालून भागतं. फायदा असेल तर तो इतकाच.

६. लिंबू, दालचिनी, आलं

लिंबू चवीला छान, थोडं क जीवनसत्त्वही मिळतं. पाव लिंबू पुरे. आलं किसून घालायला हरकत नाही, घसा धरलेला असेल तर बरं वाटतं. दालचिनी चिमूटभर ठीक, चमचाभर रोज नको. बाजारात मिळते ती बहुधा कॅसिया जातीची असते आणि तिच्यातलं कुमारीन नावाचं द्रव्य जास्त दिवस जास्त घेतलं तर यकृताला त्रासदायक ठरू शकतं. तूप आणि मध सम प्रमाणात नको हे आयुर्वेदाचं सांगणं घरोघरी ठाऊक आहे. या पेल्यात तुपाचं तसंही काम नाही.

७. प्यायचं कसं आणि नंतर काय

उठल्यावर चूळ भरा, बसून घोट घोट प्या. उभ्याने प्यायल्याने गुडघे जातात वगैरे मनावर घेऊ नका, पण बसून प्यायलं की घाई होत नाही.

प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. मध आणि लिंबू म्हणजे दातांसाठी साखर आणि आम्ल एकत्र. लगेच ब्रश घासू नका, आम्लाने दातांचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं. ब्रश आधी करा किंवा अर्धा तास थांबून.

अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता करा. मध-पाणी पिऊन दुपारपर्यंत उपाशी राहायचं, हा प्रकार चक्कर यायला आमंत्रण आहे, विशेषतः आधी रंकाळ्याच्या फेऱ्या मारल्या असतील तर. तहान जास्त असेल तर दुसरा पेला बिनमधाचा.

आता चहा. चहा सोडा असं कोल्हापुरात कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. पण मध-पाणी सुरू केलं त्या दिवसापासून पहिल्या चहातली एक चमचा साखर कमी करा. नाहीतर तुम्ही दिवसाच्या साखरेत नुसती भर घालताय, आणि महिन्याने काट्यावर उभं राहून माझ्या नावाने बोटं मोडाल.

८. बाटली सांभाळणं

चमचा कोरडा हवा. ओला चमचा गेला की पाणी सुटतं आणि मध आंबतो. झाकण उघडताना फस्स आवाज, वर फेस, दारूसारखा आंबट वास आला की ती बाटली संपली असं समजा. मध फ्रिजमध्ये ठेवू नका, लवकर गोठतो. गॅसच्या शेजारच्या फळीवरही नको. गोठलेला मध पातळ करायचा असेल तर हात सोसेल इतक्या गरम पाण्यात बाटली ठेवून द्या आणि अधूनमधून हलवा. बाटली काचेची असेल तर एकदम कढत पाण्यात सोडू नका, तडकते. मायक्रोवेव्ह नको.

९. काय अपेक्षा ठेवायची

पहिल्या आठवड्यात फरक पडला तर तो पोट साफ होण्यात पडेल. सकाळी रिकाम्या पोटात कोमट पाणी गेलं की आतडी हलायला लागतात, मध असो वा नसो. फरक पडला नाही तर मधाचे चमचे वाढवू नका. भाज्या, कडधान्यं आणि दिवसभराचं पाणी वाढवून बघा.

खोकल्यावर मात्र मधाची बाजू भक्कम आहे. साध्या सर्दी-खोकल्यात मध घेतल्याने ढास कमी होते असं मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलंय, आणि ब्रिटनमध्ये डॉक्टरांना दिलेल्या सरकारी सूचनांतही तो सुचवलेला आहे. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री झोपताना अर्धा चमचा नुसता मध चालतो. तीन आठवडे खोकला हटला नाही, ताप आला, धाप लागली, खोकल्यातून रक्त पडलं, की मधाची बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडं जायचं.

वजनासाठी करत असाल तर पहिल्या दिवशी वजन आणि कमरेचा घेर लिहून ठेवा. चालणं आणि जेवण न बदलता या पेल्याने घेर उतरलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. रंकाळ्यावरच्या त्या काकूंचं पोट सपाट आहे हे खरं, पण त्या पूर्ण तळ्याला दोन वेढे घालतात, हे सांगायला त्या विसरतात.

शेवटी, दर वेळी विचारला जाणारा प्रश्न: उपवासाला चालतं का? एकादशीला, चतुर्थीला खुशाल प्या, मध उपवासाला चालतो. लॅबवाल्याने 'उपाशीपोटी या' सांगितलेल्या उपवासाला मात्र चालत नाही. फास्टिंग शुगरच्या सकाळी चमचाभर मधानेही आकडा वर जातो. मग डॉक्टर गोळी वाढवतात आणि घरात सगळे हवालदिल होतात. त्या सकाळी फक्त साधं पाणी, आणि पेला रक्त देऊन आल्यावर. ऑपरेशनच्या आधीच्या उपवासात तर साधं पाणीही किती वाजेपर्यंत चालेल, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.